कुळाचें मूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. मोठ्या प्रवाहाच्या उगमाशीं जावें तों तेथें एखादें लहानसें डबकें दिसावयाचें, आणि थोर पुरुषाच्या घराण्याची चौकशी करावी तों एखादी अवघड हकीकत पुढें यावयाची. तेव्हां जें समोर आहे तें पाहावें, फार मागें जाऊं नये, असा तिचा आशय आहे. व्यवहारांत ही म्हण शहाणपणाची ठरते. परंतु माणसाचें मन तिला जुमानीत नाहीं. आपण कोणाचे, कोठले, आपल्या पणजानें गांव कां सोडलें, हे प्रश्न पिढ्यान् पिढ्या मनांत घर करून राहतात. जीं कुटुंबें समुद्र ओलांडून परक्या खंडांत गेलीं त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला तर हे प्रश्न फारच तीव्रतेनें पडतात. तोंपर्यंत घरांतून जुनी भाषा गेलेली असते, मूळ गांव कोणीं पाहिलेलें नसतें, आणि हातीं उरतें तें एक आडनांव आणि आजीनें सांगितलेल्या दोन-चार गोष्टी.

अमेरिकेंतील नॉर्वेजियन वंशाचीं घराणीं हें या जिज्ञासेचें एक ठळक उदाहरण आहे. १८२५ सालीं नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील स्टाव्हांगेर बंदरांतून ‘रेस्तोरासिओन’ नांवाचें एक चिमुकलें गलबत ५२ माणसें घेऊन निघालें. ९ ऑक्टोबर रोजीं तें न्यूयॉर्कला पोंचलें तेव्हां त्यावर ५३ माणसें होतीं. वाटेंत एका मुलीचा जन्म झाला होता. गलबताच्या आकाराच्या मानानें उतारूंची संख्या अमेरिकन कायद्यापेक्षां जास्त भरली, म्हणून तें जप्त झालें, आणि अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनीं माफी दिल्यावर सुटलें. कायद्याचा भंग झाला म्हणून प्रकरण झालें, प्रकरण झालें म्हणून कागद झाले, आणि त्या कागदांमुळें या प्रवासाची आठवण अधिक पक्की झाली. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सत्तेला जेव्हां कांहीं विचारावयाचें असतें तेव्हांच कागद तयार होतो. इतर वेळीं माणसें येतात आणि जातात, दप्तराला त्यांची खबर नसते.

त्या गलबतामागून पुढील शंभर वर्षांत सुमारें ८ लाख नॉर्वेजियन माणसें अमेरिकेस गेलीं. लोकसंख्येच्या प्रमाणांत पाहिलें तर युरोपांत एका आयर्लंडनेंच याहून अधिक माणसें गमावलीं. १८८२ या एकाच वर्षीं २८ हजारांहून अधिक लोकांनीं देश सोडला. याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. नॉर्वेची भूमि डोंगर, जंगल आणि खाड्या यांनीं व्यापलेली. नांगराखालीं येण्यासारखी जमीन शेंकडा तीनच्या आसपास. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. रूढीप्रमाणें शेत जावयाचें थोरल्याकडे. धाकट्यांना दुसऱ्याच्या जमिनीवर खोपट बांधून मजुरीच्या बदल्यांत राहावें लागे, किंवा शहरांत चाकरी करावी लागे. अशा तरुणांच्या कानांवर आलें कीं, अमेरिकेंत जमीन मोकळी पडली आहे. १८६२ च्या कायद्यानें तर पांच वर्षें कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळूं लागली. ज्याच्या बापाला पांच एकर मिळण्याची मारामार होती त्याला हा आकडा परीकथेसारखाच वाटला असला पाहिजे.

या लोकांचीं नातवंडें-पणतवंडें जेव्हां आपल्या मूळ पुरुषाचा शोध घेऊं लागतात तेव्हां त्यांच्यापाशीं प्रथम असते ती घरची कथा. अशा कथांचे सांचे बहुधा ठरलेले असतात. पूर्वज मोठ्या कुळांतला होता. तो भावांशीं भांडून घराबाहेर पडला. तो जहाजावरून पळाला. अमेरिकेच्या धक्क्यावरील अधिकाऱ्यानें त्याचें नांव बदलून टाकलें. यांतलें शेवटचें विधान तर इतकें सार्वत्रिक आहे कीं, तें ऐकूनच अभ्यासक सावध होतात. न्यूयॉर्कचें प्रसिद्ध एलिस बेट १ जानेवारी १८९२ रोजीं उघडलें. तेथील अधिकारी उतारूंचीं नांवें नव्यानें लिहून घेत नसत. याद्या जहाज कंपनीच्या कारकुनांनीं निघण्याच्या बंदरांतच तयार केलेल्या असत, आणि धक्क्यावर त्या ताडून पाहिल्या जात. नांवें बदललीं हें खरें. परंतु तीं पुढें शाळेंत, शेजाऱ्यांत, पगाराच्या पुस्तकांत आणि बहुतेक वेळां त्या माणसांनीं आपण होऊन बदललीं. कथेंत मात्र दोष अज्ञात अधिकाऱ्याच्या माथीं जातो. आपलें नांव आपण टाकलें, हें सांगण्यापेक्षां तें कोणीं हिरावून घेतलें, असें सांगणें मनाला सोपें जातें.

नांवांचा हा गोंधळ समजण्यास मराठी माणसाला फारसे कष्ट पडूं नयेत. गणेश विष्णु राजापूरकर असें नांव ऐकलें कीं गणेश हें स्वतःचें, विष्णु हें बापाचें आणि राजापूर हें मूळ गांवाचें, असें आपण सहज ओळखतों. जुनी नॉर्वेजियन पद्धति अगदीं अशीच होती. ओले हान्सेन म्हणजे हान्सचा मुलगा ओले. त्यापुढें तो राहत असे त्या शेताचें नांव. ओलेचा मुलगा हान्सेन होत नसे, तो ओल्सेन होई. मुलीच्या नांवास ‘दात्तेर’ म्हणजे कन्या हा शब्द लागे, आणि लग्नानंतरहि तें नांव तसेंच राही. फरक इतकाच कीं, आपल्याकडील राजापूरकर पुण्यास गेला तरी राजापूरकरच राहतो. नॉर्वेचा शेतकरी एका शेतावरून दुसऱ्या शेतावर गेला कीं त्याचें शेवटचें नांवहि पालटे. प्रत्येक कुटुंबानें वंशपरंपरागत आडनांव घ्यावें, अशी सक्ति तेथें १९२३ च्या कायद्यानें झाली. त्यापूर्वीं अमेरिकेस गेलेल्या दोन सख्ख्या भावांपैकीं एकानें बापाचें नांव धरलें व दुसऱ्यानें शेताचें, असें पुष्कळदां घडे, आणि दोन पिढ्यांनंतर त्यांचीं नातवंडें एकमेकांना परकीं होत.

आतां दप्तराकडे वळूं. नॉर्वेंतील चर्चच्या वह्या सतराव्या शतकापासून मिळतात. जन्म व बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यु यांची नोंद गांवचा धर्मोपदेशक करीत असे. १७३६ पासून प्रत्येक मुलामुलीस धर्मज्ञानाची परीक्षा देऊन दीक्षा घेणें सक्तीचें झालें. त्या यादींत मुलाला पाठ किती चांगला येतो, याचाहि शेरा असे. १८१० पासून देवी काढल्याची नोंद होऊं लागली. पुढें पुढें गांवांत आलेल्यांची आणि गांव सोडून गेलेल्यांची स्वतंत्र पानें निघालीं. १८१२ मध्यें आज्ञा झाली कीं, या वहीची एक प्रत चर्चच्या सेवकानें ठेवावी, आणि मूळ वही व प्रत हीं एका छपराखालीं ठेवूं नयेत. लांकडी घरांच्या देशांत आगीचें भय ओळखून केलेली ही तजवीज होती, आणि तिच्यामुळें अनेक गांवांचा इतिहास जळण्यापासून वांचला.

खानेसुमारीची गोष्ट निराळी आहे. १८०१ सालीं नॉर्वेंतील प्रत्येक माणसाचें नांव, वय आणि धंदा लिहिला गेला. परंतु त्यानंतर १८६५ पर्यंतच्या ज्या गणना झाल्या त्यांत सामान्यतः नुसते आंकडे आहेत, नांवें नाहींत. म्हणजे १८०१ नंतर जन्मून १८६५ पूर्वीं देश सोडून गेलेला माणूस कोणत्याच खानेसुमारींत सांपडावयाचा नाहीं. परदेशीं जाणाऱ्यांच्या पोलिसी नोंदी क्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, येथें १८६७ पासून व बेर्गेन येथें १८७४ पासून आहेत. त्यापूर्वीं गेलेल्यांची भिस्त चर्चच्या वहीवरच.

अमेरिकेच्या बाजूस १८१९ च्या कायद्यानें प्रत्येक जहाजाच्या कप्तानानें उतारूंची यादी द्यावयाची असे. १८५० च्या खानेसुमारीपासून घरांतील प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव येऊं लागलें. तत्पूर्वीं फक्त कुटुंबप्रमुखाचें असे. परंतु जन्मस्थळाच्या रकान्यांत ‘नॉर्वे’ एवढाच शब्द. १८९० ची खानेसुमारी १९२१ च्या आगीमुळें बहुतेक नष्ट झाली. म्हणून मूळ शेताचें नांव हवें असेल तर स्थलांतरितांच्या ल्यूथरपंथी चर्चच्या वह्या, सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे कागद, घरोघर जपलेलीं पत्रें, आणि नॉर्वेंत प्रसिद्ध झालेले ‘बिग्देबोक’ नांवाचे ग्रंथ पाहावे लागतात. या ग्रंथांत एका टापूंतील शेतांची क्रमवार हकीकत आणि तेथें नांदलेल्या माणसांची वंशावळ दिलेली असते. आपल्या कुलवृत्तांतांशीं त्यांचें नातें सहज ध्यानांत येईल. १९९८ पासून नॉर्वेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यानें आपल्या वह्या संगणकाच्या द्वारें सर्वांस मोफत खुल्या करण्यास आरंभ केला, आणि जें पाहण्यासाठीं पूर्वीं समुद्र ओलांडावा लागे तें आज घरीं बसून वाचतां येतें.

शोधाचा नियम मात्र जुनाच आहे. ज्ञात गोष्टीकडून अज्ञाताकडे एक एक पायरी उतरावयाचें. कथेंतील प्रत्येक विधान वेगळें काढावयाचें. आणि त्यासाठीं कोणता कागद कोणत्या सालीं कोणीं केला, हें विचारावयाचें. बखर आणि अस्सल कागद यांचा वाद मराठी इतिहासाच्या वाचकांना नवा नाहीं. तोच वाद येथें घरगुती प्रमाणावर चालतो. तो कसा सुटतो, आणि सुटतांना हातीं काय येतें, हें पाहण्यासाठीं एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं.

कनूट नेल्सन हे अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानचे १८९३ ते १८९५ पर्यंत गव्हर्नर होते. स्कँडिनेव्हियांत जन्मून अमेरिकेंत या पदास चढलेले ते पहिले गृहस्थ. १८९५ पासून १९२३ मध्यें मृत्यु येईपर्यंत ते सिनेटचे सभासद होते. यादवी युद्धांत विस्कॉन्सिनच्या चौथ्या पलटणींतून ते लढले, आणि १८६३ मध्यें पोर्ट हडसनच्या वेढ्यांत जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडले. मिनेसोटाच्या राजधानींत विधानभवनासमोर त्यांचा पुतळा आहे. नॉर्वेजियन वंशाच्या हजारों कुटुंबांना हा माणूस म्हणजे आपल्या भाग्योदयाची खूणच वाटे. तेव्हां त्याच्या मुळाविषयीं कथा पसरल्या, यांत नवल नाहीं.

पहिला प्रश्न आडनांवाचा. नेल्सन हें नांव घेऊन कोणी नॉर्वेंतील व्हॉस परगण्यांत त्यांचें कूळ शोधूं लागला तर त्याची वाट पहिल्याच पावलाला चुकेल. या मुलाचा जन्म व्हॉसजवळच्या एव्हांगेर येथें २ फेब्रुवारी १८४३ रोजीं झाला, आणि त्याचें नांव होतें क्नूद. आईचें नांव इंगेब्योर्ग हाल्दोर्सदात्तेर क्विलेक्वाल. म्हणजे क्विलेक्वाल शेतावरील हाल्दोरची मुलगी इंगेब्योर्ग. १८५० सालीं शिकागो येथें इंगेब्योर्गनें आपल्याच परगण्यांतून आलेल्या नील्स ओल्सेन ग्रोटलंड नांवाच्या माणसाशीं लग्न केलें. नील्सच्या घरांतला मुलगा म्हणून क्नूद नील्सेन झाला, आणि इंग्रजी जिभेवर त्याचा नेल्सन झाला. एवढें मोठें झालेलें हें आडनांव असें सावत्र बापाच्या पाळण्यांतल्या नांवावरून आलें. त्याच्या मागें नेल्सन नांवाचें कोणतेंहि कूळ नव्हतें.

दुसरी गोष्ट आगमनाची. १८४९ च्या ४ जुलैला, म्हणजे नेमक्या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, मायलेंकरें न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डन येथें उतरलीं, असें त्यांच्या चरित्राच्या संदर्भांत लिहिलेलें आढळतें. यांतलें कॅसल गार्डन दप्तराच्या कसोटीस उतरत नाहीं. त्या ठिकाणीं स्थलांतरितांना उतरवून घेण्याची व्यवस्था १ ऑगस्ट १८५५ रोजीं सुरू झाली. १८४९ सालीं तेथें गाण्याबजावण्याचे जलसे होत. पुढें लाखो लोक त्याच दारानें आले, आणि त्यांच्या आठवणीनें आधीं आलेल्यांच्या आठवणीवरहि आपला शिक्का मारला. अमेरिकेंतील असंख्य घरांतून हीच चूक सांपडते. ती लबाडी नव्हे. पुष्कळांचें मिळून जें स्मरण होतें तें एकट्याच्या स्मरणाला असें आपल्यांत ओढून घेतें.

तिसरी कथा अधिक रंगतदार आहे. या मुलाचा खरा बाप म्हणजे नॉर्वेचा प्रख्यात दरोडेखोर येस्त बोर्दसेन, अशी एक वदंता आहे. श्रीमंतांस लुटून गरिबांस देणारा, कोणत्याहि तुरुंगांतून निसटणारा, असा त्याचा लौकिक होता. कुळाला पराक्रमी पुरुष हवा असतो, मग तो चोर असला तरी चालतो! परंतु दप्तर येथें निष्ठुरपणें आड येतें. बोर्दसेनला १८२७ सालीं जन्मठेप झाली आणि १८४५ पर्यंत तो क्रिस्तियानियाच्या आकेर्शूस किल्ल्यांत कैदेंत होता. क्नूदचा जन्म १८४३ चा. मध्यें साऱ्या देशाची रुंदी आणि किल्ल्याची भिंत. सुटकेनंतर मात्र बोर्दसेन आपलें छापलेलें आत्मचरित्र विकीत हिंडला, आणि १८४९ मध्यें बेर्गेन शहरीं वारला. त्याच काळांत इंगेब्योर्ग बेर्गेनमध्यें मोलकरणीचें काम करीत होती, आणि त्याच वर्षीं तिनें देश सोडला. तेव्हां वदंतेनें स्थळ बरोबर धरलें आणि काळ मात्र चुकविला, असें दिसतें. एकाच शहरांत, एकाच सुमारास लोकांच्या तोंडीं असलेलीं दोन नांवें पुढें एका गोष्टींत गुंफलीं गेलीं असावींत.

मग बाप कोण? इंगेब्योर्गनें हेल्गे क्नूदसेन स्तीव्हे याचें नांव सांगितलें होतें. त्याचें तिच्याशीं लग्न झालेलें नव्हतें. या विधानाला दुजोरा देणारा दुसरा पुरावा नाहीं, म्हणून अभ्यासक तें सिद्ध मानीत नाहींत, आणि तें योग्यच आहे. तथापि मुलाच्या नांवांतच एक खूण दडलेली आहे. नॉर्वेच्या खेड्यांतील रूढीप्रमाणें पहिल्या मुलाला बापाच्या बापाचें नांव देत. हेल्गे क्नूदसेन म्हणजे क्नूदचा मुलगा हेल्गे. त्याच्या पहिल्या मुलाचें नांव रूढीनें क्नूदच व्हावयास हवें. आईच्या बापाचें घेतलें असतें तर तें हाल्दोर झालें असतें. हा निर्णायक पुरावा नव्हे. क्नूद हें नांव त्या भागांत दुर्मिळ नव्हतें. परंतु आईनें जें तोंडानें सांगितलें त्याच्याशीं तिनें मुलाला दिलेलें नांव जुळतें, एवढें निश्चित म्हणतां येतें. ज्या पुरुषानें तिला आपल्या घरांत घेतलें नाहीं त्याच्या बापाचें नांव तिनें मुलाला दिलें असेल, तर तो मुलाच्या हक्काचा मूक उच्चारच म्हटला पाहिजे.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेंत आल्यावर इंगेब्योर्गनें आपण विधवा आहों असें सांगितलें. हें विधान खरें नव्हतें. मूळ पुरुषाचा माग काढणारा माणूस येथें थांबतो आणि त्याला वाटतें, घरच्या कथेनें आपल्याला फसविलें. परंतु दोन्ही देशांचीं दप्तरें शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं म्हणजे या खोट्याचा अर्थ उलगडतो. नॉर्वेंतील चर्चच्या वहींत मूल औरस कीं अनौरस हें लिहिलें जाई. त्या एका शब्दापुढें मुलाचें वजन, त्याचा रडण्याचा आवाज, त्याच्या आईची वेदना यांपैकीं कशालाच जागा नव्हती. तो शब्द गांवांत राहणाऱ्या मुलाच्या मागें दीक्षेपर्यंत, लग्नापर्यंत आणि कबरीपर्यंत चालत येई. अशा मुलांना बापाच्या नांवाचा आणि वारशाचा हक्क नॉर्वेनें दिला तो १९१५ सालीं, योहान कास्तबेर्ग यांच्या पुढाकारानें झालेल्या कायद्यांनीं. तो सुधारणेचा क्षण इंगेब्योर्गच्या मुलाला पाऊणशें वर्षें दूर होता.

अमेरिकेच्या कप्तानाच्या यादींत मात्र काय विचारीत? नांव, वय, स्त्री कीं पुरुष, धंदा, कोणत्या देशाचा आणि कोणत्या देशांत राहणार. लग्न झालें आहे काय, हा रकानाच नव्हता. अमेरिकेच्या खानेसुमारींतहि विवाहित, अविवाहित, विधवा हा भेद १८८० पर्यंत विचारला जात नसे. म्हणजे न्यूयॉर्कच्या धक्क्यावर पाऊल ठेवतांना इंगेब्योर्गला कोणत्याहि सरकारी कागदापुढें खोटें बोलण्याची गरज पडली नाहीं. प्रश्न विचारणार होते ते शेजारी. त्यांतले पुष्कळसे व्हॉसचेच, कारण शिकागोंत त्या वेळीं व्हॉसच्या लोकांची वस्तीच झालेली होती, आणि १८४८ पासून ते गांवाकडे पत्रें धाडण्यासाठीं मंडळहि चालवीत होते. त्या लोकांपुढें, आणि वाढत्या मुलापुढें, एका स्त्रीनें ‘विधवा’ हा एक शब्द उभा केला. जो डाग वहींत होता तो तिनें समुद्रापलीकडे ठेवून दिला.

हा शोध मूळ पुरुषासाठीं सुरू झाला होता. हातीं लागते ती मूळ स्त्री. सर्व कागद एकत्र केल्यावर बापाची आकृति धूसरच राहते. आईची मात्र ठसठशीत उमटते. भावानें शेत विकून अमेरिकेची वाट धरली. ती बेर्गेनच्या घरांतून भांडीं घाशीत राहिली. उसन्या पैशानें तिनें दोन माणसांचें भाडें भरलें. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन हडसन नदीनें आल्बनी, तेथून ईरी कालव्यानें बफलो आणि पुढें सरोवरांतून शिकागो असा प्रवास केला, तोहि १८४९ च्या पटकीच्या सालीं. शिकागोस पोंचल्यावर मोलमजुरी करून वर्षाच्या आंत तिनें भाड्याचें कर्ज फेडलें. कोणत्याहि घराण्याला मूळ म्हणून मिरवण्यास याहून मोठा पराक्रम नको. दरोडेखोराची दंतकथा या हकीकतीपुढें फिकी पडते. तरीहि लोक दंतकथाच सांगत राहिले, कारण वंशाच्या झाडाच्या मुळाशीं पुरुष असलाच पाहिजे, ही समजूत फार जुनी आहे.

घरची कथा आणि सरकारी दप्तर यांतलें खरें कोणतें, असा प्रश्न पुष्कळदां विचारला जातो. या उदाहरणावरून दिसतें कीं, दोघांनाहि प्रश्न विचारावे लागतात. दप्तराला विचारावयाचें: तूं हें कोणाच्या सोयीसाठीं लिहिलेंस, आणि काय विचारलेंच नाहींस? कथेला विचारावयाचें: तूं येथेंच कां वाकलीस? कॅसल गार्डन हें नांव विस्मरणानें आलें, दरोडेखोर मनोरंजनासाठीं आला, पण ‘विधवा’ हा शब्द गरजेनें आला. पहिल्या दोन चुका दुरुस्त करून सोडून द्याव्या. तिसरी दुरुस्त करतांनाच ती नीट जपूनहि ठेवावी; कारण तिच्यावांचून ती बाई कोणत्या जगांतून आली आणि कशासाठीं आली, हें कळणार नाहीं.

आज अमेरिकेंतील, आणि नॉर्वेंतीलहि, कितीतरी कुटुंबें जुन्या वह्यांचीं चित्रें डोळ्यांपुढें आणून आपल्या पूर्वजांचीं नांवें शोधीत आहेत. त्यांच्यापैकीं पुष्कळांना त्या बारीक गॉथिक अक्षरांत ‘अनौरस’ हा शब्द अवचित भेटतो, आणि क्षणभर ते दचकतात. ऋषीचें कूळ विचारूं नये असें सांगणाऱ्या पूर्वजांना हें दचकणें ठाऊक होतें. त्यांनीं तें टाळण्यासाठीं विचारण्यालाच बंदी केली, आणि त्यांत कोणाचें तरी मन राखण्याची दयाहि होती. आतां वह्या उघडल्या आहेत आणि विचारल्यावांचून कोणी राहणार नाहीं. निदान विचारतांना ती जुनी दया सुटूं नये, म्हणजे झालें. त्या रकान्यांत शाई संपतांना जिच्यावर ठपका ठेवून लेखणी पुढें गेली, तिच्याच पावलांनीं ही सारी पिढी समुद्र ओलांडून आली आहे.